सिस्टरचे आभार मानायचे, पण कसे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल.

सासूबाईंना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नाकातल्या नळीने भरवावं लागतं. घरोघरी सिस्टर पुरवणाऱ्या ब्यूरोतून दिवसाची सिस्टर येते, सकाळी आठ ते रात्री आठ. नळीतून फीड देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, शुगर बघून इन्सुलिन देणं हे ती करतेच. पण त्याखेरीज रोज सासूबाईंची वेणी घालते. कधी येताना अबोलीचा गजरा आणते. एका संध्याकाळी तिने सहज आरती म्हणायला घेतली आणि चार महिने एक शब्द न बोललेल्या सासूबाईंच्या तोंडून ओळीतला शेवटचा शब्द बाहेर पडला. जुलैत पाणी तुंबलं, रात्रीच्या मावशी पोचू शकल्या नाहीत, तर ती रात्रभर थांबली आणि दुसरा दिवसही काढून मगच घरी गेली. वर मेथी निवडून देते, तुमच्या मुलाला पाढे म्हणायला लावते. आता मिस्टर म्हणतात, ‘पगार देतोच की’. मस्कतच्या नणंदबाई म्हणतात, ‘पाच हजार देऊन टाक’. तुमच्या मनात साडी आहे. आणि पोटात भीती, की पैसे दिले तर तिला लागेल, नाही दिले तर आपण कोरडे ठरू, आणि एकदा दिले की पायंडा पडेल.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली. सात वर्षं वॉर्डात काढली, मग एकोणीस वर्षं घरोघरी पेशंट सांभाळले आणि शेवटी काही वर्षं ब्यूरोत बसून बाकीच्या सिस्टरांच्या ड्यूट्या लावल्या. म्हणजे घेणारी म्हणूनही हे पाहिलंय आणि ‘अहो, तुमच्या सिस्टरला काय द्यायचं?’ असे फोन उचलणारी म्हणूनही. माझ्या मते तुमची अडचण साडी की पैसे ही नाहीच. तुम्ही वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात आणि सगळ्यांचं मिळून एकच काहीतरी द्यायला बघताय. म्हणून अंदाज लागत नाही. गाठोडं सोडूया.

पहिली ती पावसाची रात्र. पहिल्या दिवशी सकाळी आठला आलेली बाई दुसऱ्या दिवशी रात्री आठला गेली, म्हणजे छत्तीस तास. याला चांगुलपणा म्हणून हात जोडू नका, त्याचे पैसे चुकते करा. ती एक जास्तीची ड्यूटी आहे. ब्यूरोला फोन करून विचारा, ती रात्र बिलात लागली का आणि लागली असेल तर सिस्टरच्या हातात पडली का. तुम्ही जो दर भरता तो पूर्ण तिला मिळत नाही, ब्यूरोचा वाटा कापून मिळतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मी ड्यूट्या लावायचे तेव्हा असे घोटाळे दर पावसाळ्यात व्हायचे. घरच्यांना वाटतं ब्यूरो देईल, ब्यूरोला वाटतं घरच्यांनी हातावर ठेवले असतील, आणि सिस्टर लाजेखातर कोणालाच विचारत नाही. चार महिन्यांनी तिला साडी मिळते. ती साडी ती नेसते, पण त्या रात्रीचे पैसे तिच्या डोक्यातून जात नाहीत. माझ्याही गेले नव्हते. म्हणून आधी हिशेब, मग आभार, आणि दोन्ही एकाच दिवशी नकोत. हिशेबाचे पैसे देताना ‘हे त्या रात्रीच्या ड्यूटीचे’ असं स्वच्छ म्हणायचं. बक्षीस म्हणून द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट मेथी आणि पाढे. इथे जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. रिकामी बसलेली सिस्टर घरच्यांना खुपते हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळतं. पेशंटला डोळा लागला की आम्ही काहीतरी हातात घेतो. भाजी निवडतो, कपड्यांच्या घड्या करतो. कधी मनापासून, कधी नुसतं नजरेतून सुटायला. तुमच्या सिस्टरचं कोणतं ते मला इथून सांगता येणार नाही. पण महिनाभराने मेथी निवडणं हे तिच्या कामात धरलं जातं, आणि एखाद दिवशी ती नुसती बसली तर ‘आज सिस्टरचं काही बिनसलंय का’ असं घरात सुरू होतं. यासाठी आभार मानायचे तर एकच रीत. ‘सिस्टर, ते राहू द्या, त्या झोपल्यात तोवर पाय लांब करून बसा.’ हे एकदा म्हणून भागत नाही, चार-पाच वेळा म्हणावं लागतं, तेव्हा कुठे खरं वाटतं.

तिसरी गोष्ट वेणी, गजरा, आरती. हे मात्र खरंखुरं जास्तीचं. वेणी कुठल्याही ड्यूटीच्या यादीत नसते. आमच्यापैकी बऱ्याच जणी बिछान्यावरच्या बाईचे केस कापून टाकायला सांगतात, कारण गुंता होतो आणि उवांची भीती असते. मीही सांगितलंय. अर्धं अंग लुळं असलेल्या बाईला कुशीवर घेऊन, नळी ओढली जाणार नाही अशी बेताने धरून, मागून वेणी घालायला वीसेक मिनिटं लागतात. तिला ते रोज करावंसं वाटतं. आरतीचं म्हणाल तर, झटक्यात वाचा गेलेले काही पेशंट बोलू शकत नाहीत पण पाठ असलेलं गाणं म्हणू शकतात. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतं आणि सूर-चालीत उजव्या बाजूचाही हात असतो, म्हणून असं घडतं. तिला हे माहीत होतं की योगायोगाने झालं ते तिलाच विचारा. पण विचारा जरूर! ‘तुम्हाला हे कसं सुचलं?’ या प्रश्नात जेवढे आभार आहेत तेवढे पाच हजारांत नाहीत. आणि अजून सांगितलं नसेल तर डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला हे कळवा, तिच्यासमोर आणि तिचं नाव घेऊन. ‘हे सिस्टरच्या लक्षात आलं.’ डॉक्टरांपुढे आमचं नाव फार क्वचित निघतं हो.

आता शब्दांकडे येते, कारण बहुतेक घरं इथेच अडतात. आपल्याकडे घरातल्या माणसाला आभार म्हणायची पद्धत नाही, तोंड अवघडतं. मग काय होतं, तर आभारांच्या जागी ‘सिस्टर, तुम्ही आता आमच्या घरच्याच’ हे वाक्य येतं. म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण ऐकणाऱ्या बाईच्या पोटात बारीकसा गोळा येतो. घरची झाली की सुट्टी मागताना अवघडायला होतं. घरची झाली की ‘आज जरा नऊपर्यंत थांबाल का’ याला नाही म्हणता येत नाही, आणि त्या एका तासाचे पैसे मागणं तर पापच. मला स्वतःला तीन घरांनी घरचं केलं होतं आणि तिन्ही ठिकाणी माझी दिवाळी पेशंटच्या उशाशी गेली. तेव्हा तिला घरचं करू नका. ती बाहेरची आहे, शिकलेली आहे, तिचं काम तिला येतं, आणि तरीही तिने एवढं केलं. यातच त्याची किंमत आहे. जे डोळ्यांनी पाहिलंत ते सांगा. ‘काल आईंची वेणी पाहिली, त्यांना आजारी पडायच्या आधी असंच आवडायचं, तुम्हाला कसं कळलं?’ एवढं पुरे. नुसतं ‘थँक यू हां सिस्टर’ चप्पल घालताना रोज ऐकू येतं, ते कानाला लागत नाही.

पैशांबद्दल. देऊ नयेत असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे बहुधा घेणाऱ्यांतले नसतात. तुम्ही लिहिलंय की ती यवतमाळकडची आहे, मुलगा आईकडे ठेवलाय आणि इथे चौघींत खोली करून राहते. तिला पैसे लागणारच. प्रश्न देण्याच्या पद्धतीचा आहे. दारात, लिफ्ट आलेली असताना, पाचशेची नोट घडी करून हातात कोंबली तर ती टीप होते. तेच पैसे पाकिटात घालून, वर एक रुपया ठेवून, घरात बोलावून, बसवून दिले तर तो आहेर होतो. त्या एका रुपयाने फार फरक पडतो, मी दोन्ही घेतलंय. आकडा विचाराल तर माझा ठोकताळा असा: तिच्या दोन-तीन दिवसांच्या ड्यूटीइतका. त्याहून फार मोठी रक्कम एकदम दिली की तिला ओझं होतं आणि पुढे तुम्ही काही मागितलं तर नाही म्हणायची सोय राहत नाही. नणंदबाईंच्या पाच हजारांत चूक काही नाही, पण मस्कतहून दिलेल्या पैशांबरोबर कधी कधी मस्कतहून अपेक्षाही येतात, तेवढं बघा. पायंड्याची भीती असेल तर निमित्ताला जोडून द्या. दिवाळी, सासूबाईंचा वाढदिवस, नळी निघाली तो दिवस. निमित्त वर्षातून एकदाच येतं, आपोआप हद्द पडते. काही निमित्त नसेल तर १२ मे आहे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस (१८२०), परिचारिका दिन. हॉस्पिटलांत त्या दिवशी केक कापतात, मेणबत्त्या लावतात. घरी ड्यूटी करणारीला त्या दिवशी कोणी फोनसुद्धा करत नाही.

दिवाळीचा बोनस मात्र आभारांत धरू नका. वर्षभर काम केलेल्या माणसाला तो द्यायचाच असतो, मोलकरणीला देतो तसा. ब्यूरोमार्फत असेल तर किती आणि कोणाकडे द्यायचा हे त्यांना आधी विचारून ठेवा.

साडी. द्या, पण नवी. सासूबाईंच्या कपाटातली ‘एकदाच नेसलेली’ नको, कितीही भारी असली तरी. तिच्या मनात काय येईल याचा विचार करा, माणूस अजून अंथरुणावर आहे. आणि सणाला ओटी भरणार असाल, हळदीकुंकू करणार असाल, तर ते तिच्यापर्यंत कसं पोचतंय हेही बघा. एका घरी संक्रांतीला सगळ्या बायकांना वाण दिलं, मला दिलं, आणि रात्रीच्या मावशींना वगळलं, त्या विधवा म्हणून. त्याच घरातल्या आजींचे डायपर त्या मावशी रोज रात्री तीन-तीनदा बदलत होत्या. मी माझं वाण त्यांच्या पिशवीत टाकलं आणि दोघी काही बोललो नाही. सिस्टर ख्रिश्चन असेल तर तिची दिवाळी नाताळला येते हे लक्षात असू द्या. सगळ्यांना चालेल अशी वस्तू म्हणाल तर पायाला आराम देणारी चांगली चप्पल, छत्री, जाड टॉवेल. दिसायला साध्या, पण रोज हाताशी लागणाऱ्या.

मावशींवरून आठवलं. तुमच्या अख्ख्या प्रश्नात रात्रीच्या मावशी एकदाच येतात, आल्या नाहीत तेव्हा! बहुतेक घरांत असंच असतं. दिवसाची सिस्टर बोलते, हसते, गजरा आणते, ती दिसते. रात्रीची बाई तुम्ही झोपेत असताना काम करते. सासूबाईंना अजून बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झालेला नाही असं तुम्ही लिहिलंय. एअर मॅट्रेस आहे हे खरं, पण रात्री दहा ते सहा कूस बदलणारा हात कोणाचा? एकीला काही देणार असाल तर दुसरीला अगदी तेवढंच नको, पण काहीतरी द्याच. तसं झालं नाही तर दोघींत धुसफूस सुरू होते, सकाळी बदलीच्या वेळी निरोप नीट सांगितले जात नाहीत, आणि त्याचा त्रास पेशंटला होतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

आणखी एक सावधगिरी, माझीच फजिती सांगते. एका आजींना विसराळूपणाचा आजार होता. त्या मला मुलगी समजायच्या. एक दिवस त्यांनी माझ्या पर्समध्ये चांदीचा कुंकवाचा करंडा टाकला. मला रात्री घरी गेल्यावर सापडला. दुसऱ्या दिवशी परत द्यायचा म्हणून तसाच ठेवला, फोन केला नाही, हीच चूक. सकाळी आठला पोचेपर्यंत त्यांच्या मुलाने ब्यूरोत फोन करून झाला होता. करंडा परत दिला, त्यांनी माफीही मागितली, पण त्या घरात पुन्हा कपाटाजवळ जाताना माझे हात मागे बांधल्यासारखे व्हायचे. म्हणून ब्यूरोतल्या सगळ्या मुलींना मी सांगायचे, पेशंटच्या हातून काही घेऊ नका, घेतलंत तर त्याच मिनिटाला घरच्यांना दाखवा. तुमच्याकडूनही तेवढं करा. जे द्याल ते घरात सगळ्यांना माहीत असू द्या आणि ब्यूरोला एक ओळ व्हॉट्सअॅप करा, ‘आज सिस्टरांना आमच्याकडून साडी आणि पाकीट दिलं आहे.’ काही ब्यूरो रोख भेट चालवून घेत नाहीत, तेही तेव्हाच कळेल. नियम तिचा मोडतो, तुमचा नाही. दंड झालाच तर तिला होतो.

सिस्टर कोणाकडून येते यावरही बरंच अवलंबून आहे, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. सरकारी आरोग्य केंद्राची एएनएम (तिथली नर्सताई) किंवा आशाताई घरी येत असेल तर पाकीट अजिबात नको, ती अडचणीत येईल. तिच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र लिहा. धर्मादाय संस्थेची माणसं येत असतील, जसं पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र कर्करोगाच्या पेशंटना विनामूल्य सेवा देतं, तर जे द्यायचं ते संस्थेला देणगी म्हणून द्या आणि सिस्टरला चहा आणि चार शब्द.

चहावरून एक बोलतेच. तिचा कप वेगळा आहे का? तुमच्याकडे नसेलही. पण असा कप मी इतक्या घरांत पाहिलाय, खिडकीत पालथा घातलेला, दांडा तुटका किंवा कडा उडालेला, की विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या कपात चहा घेणाऱ्या बाईला पैठणी दिली तरी ती कपच लक्षात ठेवते. तसंच जेवण. ती डबा आणते की तुमच्याकडे जेवते, काहीही असो, दुपारी तिला अर्धा तास कोणी हाक मारणार नाही असं करा. तेवढा वेळ सासूबाईंपाशी तुम्ही बसा.

कागदावर लिहून द्यायलाही सांगेन, कारण हे फारसं कोणी करत नाही आणि आम्हाला ते पैशांइतकंच लागतं. घरच्या ड्यूटीचा अनुभव कुठे नोंदलाच जात नाही. हॉस्पिटलात नोकरी मागायला गेलं की ‘मधली पाच वर्षं काय करत होतात?’ असं विचारतात. तेव्हा एका पानावर साधं लिहा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या सासूबाईंची, अर्धांगवायू, रायल्स ट्यूब (नाकातली नळी) आणि मधुमेह असलेल्या पेशंटची, दिवसाची शुश्रूषा यांनी केली. फीडिंग, इन्सुलिन, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं त्या स्वतंत्रपणे सांभाळत. या काळात पेशंटला बेडसोर झाला नाही. खाली तुमचं नाव, सही, तारीख. ‘फार प्रेमळ आहेत’ हे शेवटी एका ओळीत. आधी काम. एक प्रत तिला, एक ब्यूरोला. फेसबुकवर मात्र तिचा फोटो टाकून कौतुक करू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच. आमच्यातल्या कितीतरी जणींनी गावाकडे ‘हॉस्पिटलात आहे’ असंच सांगितलेलं असतं.

गजऱ्याचं राहिलं. ‘किती झाले हो?’ असं विचारून त्याचे पैसे देऊ नका, सगळी मजा जाईल. एखाद दिवशी तुम्हीच आणा, दोन आणा.

तर आता तुम्ही काय करावं? या आठवड्यात त्या रात्रीच्या ड्यूटीचं ब्यूरोशी बोलून निकालात काढा. सासूबाईंचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे म्हणालात, तेव्हा पाकीट किंवा साडी, जे ठरेल ते. मावशींचं वेगळं. आणि देताना तुम्ही देऊ नका, सासूबाईंना द्यायला लावा. त्यांच्या हातात ठेवा आणि हात तिच्यापर्यंत न्यायला लागली तर मदत करा. त्यांचा उजवा हात चालत नाही म्हणजे डाव्याने द्यावं लागेल, आणि घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणेलच, डाव्या हाताने देऊ नये. म्हणू द्या. सिस्टर रोज त्यांचा तो लुळा उजवा हात उशीवर ठेवून बोटं मोकळी करते, डाव्याने दिलं तर तिला काही वाटणार नाही. फक्त हे पावणेआठच्या आत उरका, तिची बस चुकवू नका.